त्या हिवाळ्यातले नऊ दिवस

जून उजाडला की रोटोटुनात, जगाच्या ह्या खालच्या टोकाच्या आमच्या गावात, हिवाळा लागतो आणि धुकं उतरतं. सकाळी सातला समोरच्या घराचं छप्पर दिसत नाही, शाळेत निघालेली मुलं नुसत्या आवाजावरून ओळखावी लागतात. स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर ज्येष्ठ-आषाढ दाखवत असतं आणि मी पायांत दोन-दोन मोजे घालून चहा टाकत असते. आमचं हे घर नवं आहे. काचा दुहेरी, भिंतीवर हीट पंप, बटण दाबलं की पाच मिनिटांत ऊब. सकाळी खिडक्या कोरड्याठाक असतात. तरी उठल्याबरोबर माझा हात जुना टॉवेल शोधतो.

ही सवय आधीच्या गावची, हेन्डरसनची. तिथे आमचं भाड्याचं लाकडी घर होतं आणि हिवाळ्यात रोज सकाळी काचा आतून ओल्या व्हायच्या. टॉवेलनं पुसायच्या, टॉवेल बेसिनमध्ये पिळायचा, वाटीभर पाणी निघायचं. हे पाणी बाहेरून येत नाही, रात्रभराच्या आपल्याच श्वासाचं असतं, हे मला बरंच उशिरा कळलं. कळल्यावर ते पिळताना जरा कसंतरी वाटायचं. आणि पुढे ज्या घरांत मी कामासाठी जाऊ लागले, तिथे तर काचाच काय, भिंतीसुद्धा ओल्या असत. कोपऱ्यांतून काळी बुरशी वर चढलेली असे, आणि त्याच कोपऱ्यात कुणाचं तरी तान्हं बाळ निजलेलं असे.

हिवाळा आवडत नाही असं मी लोकांना सांगते आणि थंडीचं नाव पुढे करते. पुण्याची बाई म्हटल्यावर कुणी जास्त विचारत नाही. खरं कारण २०१४ चा हिवाळा आहे, आणि त्यातलेही फक्त नऊ दिवस.

मी पुण्यात बारा वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होते. वॉर्डात पेशंट आपल्याकडे येतो. आपण उभे, तो आडवा. इथे आल्यावर मला जे काम मिळालं त्यात सगळं उलटं होतं. इथल्या मूळच्या माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या, हलाखीत राहणाऱ्या कुटुंबांत नवं बाळ आलं की आमच्या संस्थेची दोन माणसं त्या घरी जात: एक नर्स, आणि एक त्यांच्यातलीच, त्यांची नाती-गोती जाणणारी बाई. पहिल्या दोन-तीन भेटींत फॉर्म बाहेर काढायचा नाही. बसायचं, चहा घ्यायचा, आपण कुठल्या ते सांगायचं. वजनकाटा गाडीतच ठेवायचा. मला हे सुरुवातीला वेळ घालवणं वाटलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं होतं, शहाणपणा करायची सवय मला पहिल्यापासून.

माझ्या जोडीला होती रेवा. नाव ऐकून मला वाटलं होतं कुणी आपल्याकडचीच असेल. निघाली साठीची, उंचीपुरी माओरी बाई, ऐन हिवाळ्यातही पायांत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. सगळे तिला फाएआ रेवा म्हणत. फाएआ म्हणजे आपण मावशी म्हणतो तसं. तिनं मला शिकवायला सुरुवात केली ती दारापासून. बूट काढ, हे मला येत होतं. उशीवर बसू नकोस, डोकं टेकायची जागा आहे ती. जमिनीवर कुणी पाय पसरून बसलं असेल तर ओलांडून जाऊ नकोस. हेही मला येत होतं, माझ्या आजीनं ह्याच गोष्टीसाठी पाठीत धपाटे घातले होते. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तुला अर्धं काम येतं. उरलेलं अर्धं म्हणजे गप्प बसणं."

ते मला कधीच नीट जमलं नाही. आणि जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा मात्र मी गप्प बसले.

तियाचं घर आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर होतं. तिया एकोणीस वर्षांची, बाळ सहा आठवड्यांचं, मुलगी, नाव अनाहेरा. घरात तियाची आजी होती, तिला सगळे नॅन म्हणत, मग मीही नॅनच म्हणू लागले. बाळाचा बाप दूर दक्षिणेत कामावर होता. तीन खोल्यांचं घर, पण हिवाळ्यात त्या तिघी पुढच्या एकाच खोलीत राहत. जमिनीवर दोन गाद्या जोडून घातलेल्या, कारण हीटर एकच.

पहिल्या भेटीत नॅननं माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुझा डोंगर कुठला आणि नदी कुठली?" त्यांच्याकडे माणसाची ओळख अशी करून घेतात, पण मी चाचपडले. मला कुणी नाव विचारतं, शिक्षण विचारतं, व्हिसा विचारतं. मी म्हटलं, डोंगर नाही, एक टेकडी आहे, पर्वती नावाची, वर देऊळ आहे. आणि नदी मुळा-मुठा. पण ती फार घाण झाली आहे हो, नदी म्हणायचीही लाज वाटते.

"आमचीपण आजारी आहे," नॅन म्हणाली. "आजारी आहे म्हणून नाव टाकायचं नसतं, एह?"

त्यानंतर ती मला माझ्या नावानं कमी आणि टेकडीवाली म्हणून जास्त हाक मारायची. पुण्यात इतकी वर्षं राहून मी त्या टेकडीवर मोजून चार वेळा चढले असेन. पण त्या घरात ती माझी झाली.

अनाहेरासाठी रेवानं वहाकुरा आणला होता. वहाकुरा म्हणजे तिथल्या हाराकेके नावाच्या झुडपाच्या लांब पात्यांची विणलेली, बाळापुरती सपाट टोपली. आपल्या परडीसारखी, पण लांबट. आईनं बाळ जवळ घेऊन झोपायचं, हे त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही आहे. पण दमलेल्या माणसाच्या अंगाखाली किंवा मऊ पांघरुणात तान्ह्याचा श्वास कोंडतो आणि ते रडतसुद्धा नाही. म्हणून हा मधला मार्ग: टोपली गादीवरच, आईच्या हाताला लागेल अशी, पण बाळाची जागा वेगळी. आत पातळ, टणक गादी. बाळ पाठीवर. तोंड मोकळं. खाली किंवा वर जाड, मऊ काहीही नाही. ही चार वाक्यं मला इतकी पाठ होती की माझी मुलगी ईशा, तेव्हा सात वर्षांची, तिच्या बाहुलीला ती ऐकवायची. इंग्रजीतून, अर्थात.

त्या मंगळवारी मी एकटी गेले. रेवा उत्तरेला तिच्या गावी मयताला गेली होती. त्यांच्याकडे मयत म्हणजे तीन-तीन दिवस, तांगी म्हणतात. जाताना तिनं बजावलं होतं की मी नसताना बाळांच्या घरी एकटी जाऊ नकोस, फोन कर फक्त. पण थंडी कडाक्याची पडली होती, सकाळी गवतावर पांढरा थर दिसला, आणि मला त्या ओल्या भिंतीच दिसू लागल्या. आणि निघताना मी कपाटातून गोधडी काढली.

ती माझ्या आईनं ईशाच्या वेळी शिवून पाठवलेली. तिच्याच जुन्या साड्यांची, चार पदरी, एका बाजूला निळं सुती लुगडं आणि दुसऱ्या बाजूला माझ्या लहानपणचा फ्रॉक. बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हाती जात नाहीत. नर्स म्हणून अशी भेट द्यायची नसते हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी मी नर्स म्हणून नाही, सासुरवाशिणीला माहेरून काही न्यावं तशी निघाले होते. स्वतःवर खूश होते मी. हे नीट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्या खुशीतून झालं.

घरात शिरले तर पॅसेजमध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्या रांगेनं ठेवल्या होत्या. मला वाटलं धुण्याच्या आहेत. हीटर बंद होता. तियाच्या अंगावर दोन स्वेटर, नाक लाल. मी वहाकुरात हात घातला, खालची गादी गार लागली, बाळाचे हातही गार. मी अनाहेराला उचलून तियाकडे दिलं, गोधडी दुहेरी घडी करून टोपलीत तळाशी घातली, वर पुन्हा बाळ ठेवलं आणि उरलेलं टोक तिच्या अंगावरून छातीपर्यंत घेतलं. ईशा अशीच निजायची. मी अशीच निजले होते. बाळ त्या घडीत छान रुतून बसलं. नॅन भिंतीला टेकून बघत होती. मग म्हणाली, "कुणी शिवलं?" मी म्हटलं, माझ्या आईनं. तिनं गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

चहा घेऊन मी निघाले. वाटेत मी गाणं गुणगुणत होते.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी भांडी घासत होते. मिलिंद, माझा नवरा, पेनरोजहून यायचा होता, तिथल्या एका गोदामाचं कॉम्प्युटरचं काम तो बघायचा. ईशा टेबलाशी बसून बाहुलीला निजवत होती. "ऑन युअर बॅक. फेस क्लीअर. नथिंग सॉफ्ट, नथिंग थिक." माझ्या हातातली कढई बेसिनमध्ये पडली.

मी तियाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मिलिंद आल्यावर मी गाडीची किल्ली घेतली आणि तशीच गेले. घरात दिवा नव्हता. दार वाजवलं, मागे फिरून आले, खिडकीला डोळे लावले. गाद्या नव्हत्या. शेजारची बाई दारात येऊन म्हणाली की घरमालकानं महिन्याची मुदत दिली होती, आज दुपारी व्हॅन आली, कुठल्याशा काकाकडे गेले, खाली दक्षिणेला. कुठला काका, तिला माहीत नव्हतं. माझी गाडी गेल्यावर तासाभरात ते निघाले होते. त्या काळ्या पिशव्या धुण्याच्या नव्हत्या.

मी घरी आले आणि मिलिंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, काही झालं नसेल. आपल्याकडे करोडो बाळं गोधडीतच वाढली ना? तू आत्ता कुणाला काही बोलू नकोस. रेसिडेन्सीची फाइल सरकारकडे आहे, तुझ्या जॉबवर आहे सगळं. कम्प्लेंट झाली, रजिस्ट्रेशन गेलं, तर काय करायचं आपण?" मी मान हलवली. हे सगळं त्याच्यावर ढकलायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर तो जे बोलला ते मी गाडीत आधीच स्वतःशी बोलून झाले होते.

तिथून नऊ दिवस.

मी रोज फोन लावायचे. ऑफिसच्या फोनवरून, सकाळी एकदा, दुपारी दोनदा. तोच बाईचा ध्वनिमुद्रित आवाज, हा क्रमांक सध्या उपलब्ध नाही. शुक्रवारी रेवा परत आली. ती दमलेली होती, आवाज बसला होता. मी तिला सांगितलं, तिया आणि नॅन घर सोडून दुसरीकडे गेल्या. एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "नॅन आहे ना बरोबर, मग ठीक. स्थिरावल्या की फोन करतील. काही घाई आहे का?"

मी म्हटलं, नाही. काही घाई नाही.

हे शब्द मी आजवर किती वेळा ऐकले असतील, माझ्याच आवाजात. बस स्टॉपवर, भाजी चिरताना, धुक्यात गाडीचे दिवे लावताना. रेवाला मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथे फोन उचलला असता. तिला कुटुंब शोधायला पत्ता लागत नाही, फक्त आजीचं नाव आणि नदीचं नाव लागतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बोलले नाही.

त्या दिवसांत मी इतर घरी जायचे, बाळांची वजनं करायचे, तीच चार वाक्यं सांगायचे. कुठल्याही आईनं मान डोलावली की मला अनाहेराची बोटं दिसायची, गोधडीच्या निळ्या कापडात रुतलेली. घरी ईशा विचारायची, "आई, व्हेअर इज माय गोधडी? इट्स नॉट इन द कपाट." मी म्हणायचे, धुवायला टाकली आहे. वाळली नाही का अजून, असं तिनं दोनदा विचारलं. इथे हिवाळ्यात काही वाळत नाही, हे खरंच होतं. मी देवासमोर बसायचे आणि मला प्रार्थना सुचायची नाही, फक्त तिचं नाव सुचायचं. जेवण जात नव्हतं. आणि तरीही मी तोंड उघडत नव्हते, ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माणूस एवढं सहन करू शकतो आणि एवढं साधं करू शकत नाही.

नवव्या दिवशी, गुरुवारी, ऑफिसात चहाच्या वेळी एक सहकारी आत आली आणि म्हणाली की दक्षिणेकडून निरोप आहे, एक बाळ झोपेतच गेलं, दोन महिन्यांचंसुद्धा नव्हतं. रेवानं डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. माझ्या हातात कप होता. मी विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"मुलगा."

आणि मला हायसं वाटलं. एका आईची कूस रिकामी झाली होती, आणि मला, पोटाच्या आतून, स्पष्टपणे हायसं वाटलं. ते मी कधी विसरणार नाही. तो कप खाली ठेवून मी रेवाला बाहेर बोलावलं आणि गाडीतळावर उभं राहून सांगितलं, गोधडी, दुहेरी घडी, वर टोक, सगळं. फक्त दिवस सांगितले नाहीत. म्हटलं, आज त्या बातमीवरून एकदम आठवलं.

रेवानं माझ्याकडे बघितलं आणि फोन काढला. तीन फोन. तिसऱ्याला ती हसून माओरीत काही बोलली आणि गाडीचं दार उघडून मला म्हणाली, "हंटली. काकाचं घर तिथे आहे. बाळाचं ह्यांना काही माहीत नाही. बस."

दक्षिणेच्या रस्त्यावर बॉम्बे नावाची टेकडी लागते. एरवी त्या पाटीवरून आम्ही मराठी माणसं ठरलेले विनोद करतो. त्या दिवशी ती पाटी कधी गेली मला कळलं नाही. टेकडी उतरल्यावर नदीच्या अंगानं धुकं सुरू झालं, पांढरं, दाट, पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे. काकाच्या घरी फोन कुणी उचलत नव्हतं. रेवा गाडी चालवत होती आणि हळू आवाजात काही गात होती. मी गुडघ्यांत हात दाबून बसले होते. दर मैलाला मी ठरवत होते की दार उघडलं आणि आतून रडण्याचा आवाज आला तर काय करायचं. मोठ्या माणसाच्या रडण्याचा.

दार नॅननं उघडलं. तिच्या खांद्यावर अनाहेरा होती, जागी, लाळेनं ओली हनुवटी, माझ्याकडे बघून तिनं तोंड वाकडं केलं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

गोधडी तियाच्या अंगावर होती, शालीसारखी पांघरलेली. नॅननं मला आत घेतलं, चहा दिला आणि सांगितलं की तुझी गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत मी ती काढली. बाळाला जाड नको, फाएआनं शिकवलंय की आम्हाला. पण तू एवढ्या प्रेमानं घातलीस, तुझ्या आईचे टाके, तुझ्यासमोर कशी काढायची? पाहुण्याचं देणं असं परत करत नाहीत. आणि बाळंतिणीला ऊब हवीच होती. जाणार आहोत हेही त्या दिवशी तुला सांगितलं नाही, तू इतकी खुशीत होतीस.

म्हणजे मी निघाल्यापासून अनाहेरा धोक्यात नव्हतीच. पण मला हे ठाऊक नव्हतं. नऊ दिवस मला हे ठाऊक नव्हतं.

"तुझ्या कधी लक्षात आलं गं?" नॅननं विचारलं. सहज विचारलं, चहात साखर ढवळत.

"आज," मी म्हटलं. "आज सकाळी."

नॅननं कप ठेवला. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं आणि तशीच थांबली. तिच्या श्वासाला चहाचा वास होता. मग तियाला म्हणाली, "बघ. आज आठवलं आणि आजच सगळं टाकून धावत आली. अशी असावी नर्स." तियानं गोधडी अंगाभोवती ओढून घेतली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा मोकळी हसली.

परतीच्या वाटेवर बॉम्बेच्या चढणीला रेवा म्हणाली, "त्या शेजारणीनं मला सोमवारीच सांगितलं. एक इंडियन बाई मंगळवारी संध्याकाळी येऊन रिकाम्या घराची दारं वाजवत होती म्हणून." तिनं गिअर बदलला. "ऑफिसचं काय करायचं ते आपण बघू. एक चूक झाली, ती लिहून काढू, पुढच्या नर्सला उपयोग होईल. पण नॅनला दिवसांचं खरं तू सांगायचंस. मी नाही सांगणार. ते तुझं आहे."

"पुढच्या भेटीत सांगते," मी म्हटलं.

ऑफिसात मी चूक लेखी दिली. मला बोलावलं, ताकीद दिली, सहा महिने देखरेखीखाली ठेवलं. नोकरी गेली नाही, रेसिडेन्सीही झाली. ज्याची भीती होती त्यातलं काहीच झालं नाही. त्या कागदावरही मी 'आज आठवलं' असंच लिहिलं होतं, आणि रेवानं तो कागद वाचून मला परत दिला होता.

पुढची भेट आमच्याकडे राहिली नाही. तिया हंटलीत स्थिरावली, तिथल्या आमच्यासारख्या लोकांनी त्यांच्या घरच्या भेटी हाती घेतल्या. पण नॅनचे निरोप यायचे. टेकडीवालीला सांगा, अनाहेराला दात आला. रेवाबरोबर कधी रताळी यायची, कधी धुरावलेला मासा, जो मी खात नाही हे सांगायची माझी हिंमत नव्हती. रेवा सांगायची की नॅन सगळ्यांना ती गोष्ट सांगते, आठवलं त्याच दिवशी धावत आलेल्या नर्सची. सांगताना रेवा माझ्याकडे बघायची नाही. मी म्हणायचे, ह्या महिन्यात जाऊन येते. मग ख्रिसमस आला, ईशाची सुट्टी, समुद्रावरचे दिवस, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि वाळू, अख्खा उन्हाळा. उन्हाळ्यात अशा गोष्टी पुढे ढकलणं सोपं जातं.

पुढच्या जूनमध्ये नॅन गेली.

मी काळे कपडे घातले. आपल्याकडे पांढरे घालतात, काळं घालून मयताला जाताना मला काहीतरी अशुभ करतो आहोत असं वाटत होतं. मराएच्या, म्हणजे त्यांच्या सगळ्यांच्या सामायिक सभाघराच्या, दारात आम्ही घोळक्यानं थांबलो. आतून एका बाईनं लांब सुरात साद घातली आणि आमच्या बाजूनं रेवानं उत्तर दिलं. तो आवाज माणसाला सोसत नाही. मोठ्या खोलीत शवपेटी उघडी होती, भोवती जमिनीवर बायका बसलेल्या. तिथे लोक मेलेल्या माणसाशी थेट बोलतात. रडून झाल्यावर उठून उभे राहतात आणि तोंडावर बोलतात, थट्टा करतात, भांडतात, माफी मागतात. ती ऐकते आहे असंच धरून चालतात. रेवा माझ्या कानाशी म्हणाली, "पुरण्याआधीपर्यंत वेळ असतो."

गर्दी ओसरल्यावर मी पेटीपाशी जाऊन बसले. शेजारी तिया होती, मांडीवर अनाहेरा, वर्षाची, गुबगुबीत, पायात लाल मोजे. नॅनचा चेहरा लहान झाला होता. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि बोलले. सगळं बोलले. आज नव्हतं आठवलं हो नॅन, त्याच संध्याकाळी आठवलं होतं. नऊ दिवस मी गप्प बसले, माझ्या कागदांसाठी. तुमची नात जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, तरी गप्प बसले. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ते खोटं आहे. मी बरीच रडले. बोलून झाल्यावर मला हलकं वाटायला लागलं, आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की मी हे सगळं मराठीत बोलले. त्या खोलीत मराठी समजणारं कुणी नव्हतं.

तियानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "काय सांगितलंस नॅनला?" तिनं इंग्रजीत विचारलं. तिच्या आवाजात माया होती.

आभार मानले, असं म्हणता आलं असतं. तिनं मानलं असतं. मी तिच्याकडे न बघता, तिला समजेल अशा भाषेत, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार. रोजचे फोन. रेवानं विचारलं ते, काही घाई आहे का, आणि मी दिलेलं उत्तर.

तियाचा हात माझ्या पाठीवरून निघाला. तिनं अनाहेराला उचललं आणि माझ्या बाजूच्या मांडीवरून काढून पलीकडच्या मांडीवर बसवलं. बराच वेळ ती आजीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आपल्याकडे मयताच्या घरी कुणी पाणीसुद्धा पीत नाही, गुपचूप उठून जायचं असतं. त्यांच्याकडे आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाता येत नाही. जेवलं की तो पुन्हा जिवंत माणसांत येतो, असं ते मानतात.

"जेवून जा," तिया म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि मग माझ्या बाळाजवळ परत येऊ नकोस."

आता आम्ही रोटोटुनात राहतो. हंटली इथून अर्ध्या तासावर आहे, अनाहेरा पाच वर्षांची झाली असेल, शाळेत जात असेल. मी त्या बाजूला जात नाही. तेवढं एक मी पाळलं आहे.

त्या दिवशी मी पेटीपासून उठले, मयताजवळून येताना धुतात तसे दाराशी पाण्यानं हात धुतले आणि त्यांच्यात बसून जेवले.